दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून: ओपन सोर्स प्रकल्पात कोड तपासणारी टूल्स आणताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रकल्पात एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बाहेरून पाठवलेली सुधारणा, आली. नव्यानेच बसवलेल्या बॉटने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, पाच मिनिटांत तिच्यावर हरकत घेतली: या फाइलमध्ये डोळ्यांना न दिसणारी अक्षरं आहेत, काढून टाका. खाली बटणही होतं, दाबलं की फाइल साफ. पुल रिक्वेस्ट पाठवणारा मुलगा इथल्याच, इंदूरच्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने बटण दाबलं, हिरवी खूण आली. मी रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडला. खूण हिरवी, बदल छोटा, म्हणून मर्ज करून टाकलं, म्हणजे प्रकल्पात घेऊन टाकलं.

दोन दिवसांनी रामबागेतल्या काकूंचा फोन आला. काकू निवृत्त मराठी शिक्षिका. कोडशी त्यांचा संबंध नाही, पण आमच्या प्रकल्पातली शब्दयादी त्याच डोळ्यांखालून घालतात. म्हणाल्या, "अरे, आपल्या यादीत डोंगर-दऱ्या होत्या ना? तिथे आता डोंगर-दर्या दिसतंय. डोंगरात समुद्र कुठून आला?"

मराठी वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यास बोलावलं तर स्वयंपाकी येतो, आचार्यास बोलावलं तर गुरुजी येतात. फरक एवढाच, की एकीकडे र आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो आणि दुसरीकडे रफार होऊन डोक्यावर बसतो. संगणकात हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्या रीतीत साध्या र चा पाय मोडायचा आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह टाकायचं. त्या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही, पडद्यावर ते दिसत नाही. पण ते काढलं की र टुणकन उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. आमच्या यादीतले जुने शब्द या दुसऱ्या रीतीने टाइप केलेले होते.

बॉटचा नियम मात्र वेडगळ नव्हता. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं, की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं कोडमध्ये पेरली तर वाचणाऱ्या माणसाला एक कोड दिसतो आणि संगणक दुसराच समजतो. तेव्हापासून कितीतरी टूल्स अदृश्य अक्षरांवर नजर ठेवू लागली. तेव्हा नियम योग्यच होता, फक्त त्याला मराठी येत नव्हतं. ज्याला मराठी येतं त्या माणसाने, म्हणजे मी, ती रात्र हिरव्या खुणेच्या भरवशावर काढली.

ओपन सोर्स प्रकल्पात अशी टूल्स आणावीत का, आणि आणायची तर कशी, हे आता बरेच जण विचारतात. आमचा प्रकल्प लहान आहे: मराठी शब्द अकारविल्हे लावणारी आणि शुद्धलेखन तपासणारी पायथनची लायब्ररी. चार मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, तिघे इंदुरात आणि एक बडोद्याला, सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतात. आम्ही ही टूल्स आणली, चुकलो, काही काढली, काही ठेवली. मोठ्या प्रकल्पांमध्ये काय काय घडलं तेही या निमित्ताने वाचून काढलं. ते सगळं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, वापरता आणि सुधारून पाठवता येतो असा प्रकल्प. सुधारणा पाठवायची रीत म्हणजे पुल रिक्वेस्ट: "मी एवढं बदललंय, बघा आणि घ्या." ते "बघा" म्हणजे कोड रिव्ह्यू. छापायला जाण्याआधी मजकुराचं प्रूफ दुसऱ्याने वाचायचं, तसंच हे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे छापखान्यात जसं सर्वांना ठाऊक असतं तसंच इथेही. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड एकत्र बसून तपासायची शिस्तशीर पद्धत मांडली, तेव्हापासून या कामाला रीतसर रूप आलं. ओपन सोर्समध्ये अडचण अशी, की पाठवणारे पुष्कळ आणि वाचणारे चार. त्या चौघांचा वेळ स्वल्पविरामावर आणि मोकळ्या जागांवर गेला, तर खऱ्या चुकीपाशी पोहोचेपर्यंत डोळे थकलेले असतात. टूल आणायचं ते यासाठी.

टूल हा एक शब्द, पण त्याखाली चार वेगळ्या गोष्टी मोडतात आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं.

सर्वांत साधा फॉरमॅटर. तो कोडची मांडणी बघतो: किती जागा सोडायची, ओळ कुठे तोडायची. पायथनमध्ये ब्लॅक किंवा रफ, जावास्क्रिप्टमध्ये प्रेटियर. त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो जे करेल ते सगळ्यांनी मान्य करायचं, विषय संपला.

दुसरा लिंटर. या नावाची गोष्ट मला फार आवडते. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतला कोड तपासणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं लिंट, म्हणजे कपड्याला चिकटणारी लव. कापड धडधाकट असतं, फक्त वरची लव झटकायची. वापरलंच नाही असं व्हेरिएबल, नावातली गल्लत, विसरलेला कंस, अशा गोष्टी लिंटर पकडतो.

तिसरं स्टॅटिक अ‍ॅनालिसिस. हे टूल कोड न चालवता त्यातल्या वाटा धुंडाळतं: या वाटेने गेलं तर ही किंमत रिकामी राहील, त्या वाटेने गेलं तर ही ओळ कधी चालणारच नाही. याची ताकद कळायला एकच उदाहरण पुरे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या फोनमधली आणि संगणकातली एक भयंकर चूक बाहेर आली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा खरा आहे ना, याच्या एकामागून एक तपासण्या होत्या आणि प्रत्येकीखाली "काही चुकलं तर थेट शेवटाकडे जा" अशी ओळ होती. एका ठिकाणी "शेवटाकडे जा" ही ओळ दोनदा पडली. पहिली अटीला बांधलेली, दुसरी मोकळी, म्हणून ती नेहमीच चालायची. तिच्यापुढची सर्वांत महत्त्वाची तपासणी कधी झालीच नाही आणि शेवटी निकाल मात्र "सगळं ठीक" असाच निघत राहिला. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींवरून माणसाची नजर सहज घसरते. "इथून पुढच्या ओळी कधीच चालणार नाहीत" हे यंत्राला मात्र क्षणात सांगता येतं, फक्त ती तपासणी चालू ठेवलेली हवी.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा बग उलट बाजू दाखवतो. इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएलमधला तो कोड दुसऱ्या माणसाने वाचून मंजूर केला होता. त्या काळच्या नावाजलेल्या अ‍ॅनालिसिस टूलच्याही हाती तो लागला नव्हता. टूल बनवणाऱ्यांनी त्या जातीची चूक ओळखायला त्याला नंतर शिकवलं. शिकवलेलं तेवढंच यंत्र पकडतं.

चौथा प्रकार सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे: एआय रिव्ह्यूअर. त्याच्याकडे नंतर येतो, कारण आधी पाया घालायला हवा.

आम्ही पहिल्यांदा लिंटर लावला तेव्हा सगळे नियम चालू केले आणि सगळ्या कोडवर सोडला. अकराशेच्या वर हरकती निघाल्या. सगळ्यांनी "बघू या" म्हटलं आणि कुणीच बघितलं नाही. मग आम्हाला वाट दाखवली ती आमच्याच गावाने. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलं राहिलं, हे सर्वांना माहीत आहे. बाहेरून येणारे पाहुणे झाडलेले रस्ते बघतात. आम्ही इथे राहणारे जाणतो की खरी गंमत रोज सकाळी दारात येणाऱ्या कचरागाडीत आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा, आणि तोही दारातच, गाडीत टाकतानाच. एकत्र दिला तर गाडीवाला तिथेच हटकतो. देवगुराडियाला वर्षानुवर्षं साठलेला जुना कचऱ्याचा डोंगर हा निराळा प्रश्न होता. त्यासाठी वेगळी यंत्रं आणि वेगळी मोहीम लागली. डोंगर साफ होईपर्यंत दारातली वर्गवारी थांबवा, असं कुणी म्हटलं नाही. तसंच दारात कचरा द्यायला आलेल्या माणसाला कुणी डोंगर उपसायलाही लावलं नाही.

कोडचंही अगदी असंच आहे. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेच अ‍ॅनालिसिस टूल, त्याच हरकती. रात्रभर चालवून यादी करून लोकांच्या हाती दिली तेव्हा दुरुस्तीचं प्रमाण शून्याच्या आसपास. तीच हरकत पुल रिक्वेस्टच्या वेळी, बदललेल्या ओळीखालीच दाखवली तेव्हा सत्तर टक्क्यांच्या वर. माणूस तोच, टूल तेच, फक्त वेळ बदलली. हातातलं काम ताजं असतं, डोक्यात संदर्भ असतो, तेव्हा दुरुस्ती दोन मिनिटांची. महिन्याने तीच ओळ परकी वाटते.

म्हणून आम्ही जुन्या हरकतींची एक यादी गोठवून ठेवली. याला बेसलाइन म्हणतात. बॉट आता फक्त नव्या आणि बदललेल्या ओळींवर बोलतो. जुना डोंगर आम्ही रविवारी थोडा थोडा उपसतो, तेही कुणाला हौस असेल तर.

फॉरमॅटरचं मात्र उलट आहे. तो एकदाच, सगळ्या फाइल्सवर, एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत, चालवून मोकळं व्हायचं. त्या कमिटमध्ये दुसरा एक शब्दही बदलायचा नाही. एक खाचखळगा आहे: त्यानंतर कुठली ओळ कुणी लिहिली हे विचारलं तर गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं टूल, सगळीकडे फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव सांगतं. २०१९ पासून गिटमध्ये यावर उपाय आहे. दुर्लक्ष करायच्या कमिट्सची यादी एका फाइलमध्ये द्यायची, की गिट त्यांना ओलांडून मूळ लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचतं. आठ वर्षांपूर्वी एखादी ओळ का लिहिली हे विचारायला माणूस सापडणं, हे आमच्यासारख्या प्रकल्पात सोन्यासारखं असतं.

यानंतर डेबियनची हकीकत, कारण आमच्या दऱ्यांसारखंच, पण शेकडो पटींनी मोठं असं तिथे घडलं होतं. डेबियन ही लिनक्सची मोठी आणि जुनी आवृत्ती. २००६ मध्ये तिथल्या ओपनएसएसएलवर मेमरी तपासणारं एक टूल चालवलं गेलं. त्याने हरकत घेतली: इथे किंमत न भरलेली मेमरी वापरली जात आहे. एरवी ही हरकत बरोबरच. मेंटेनरने त्या ओळी बंद केल्या, टूल गप्प झालं. पण त्याच ओळींमधून गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यदृच्छा, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येणार नाही असे आकडे, गोळा होत होती. त्या गेल्यावर यदृच्छेसाठी उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८. एवढ्या किल्ल्या आधीच बनवून ठेवता येतात आणि एकेक करून कुलपाला लावून बघता येतात. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं जगभरचे सर्व्हर अशा किल्ल्यांवर विसंबून होते. बदल करणाऱ्या माणसाने आधी मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं. निष्काळजी तो नव्हता. टूलची हरकत खरी, ओळही खरी, पण ती ओळ तिथे का आहे हे सांगणारं त्या क्षणी कुणी नव्हतं.

हे वाचल्यावर आम्ही एक नियम केला आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बॉटची हरकत म्हणजे प्रश्न, हुकूम नव्हे. तिचं उत्तर दोन प्रकारे देता येतं: कोड दुरुस्त करून, किंवा "इथे हे असंच हवं" असं कारणासकट लिहून. कारण न लिहिता हरकत दाबून टाकली तर ती पुल रिक्वेस्ट आम्ही घेत नाही. आणि हरकत कशावर आहे हे न समजता केलेली दुरुस्तीही घेत नाही. लिनक्स कर्नेलमध्ये पॅच तपासायला चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे. तिच्याबद्दल कर्नेलच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय, की हिला वाटाड्या समजा, माणसाच्या विवेकाची जागा देऊ नका. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जे लिहून ठेवावंसं वाटलं, ते आम्हाला शिकायला दऱ्या गमवाव्या लागल्या.

हरकती किती असाव्यात, यालाही माप आहे. गूगलमध्ये यासाठी एक कडक व्याख्या केली गेली. ज्या हरकतीवर माणसाने काहीच केलं नाही ती खोटी धरायची, मग ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर का असेना. आणि अशा खोट्या हरकती दहा टक्क्यांच्या आत असायला हव्यात. मला ही व्याख्या फार न्याय्य वाटते, कारण ती टूलच्या बाजूने न बघता वाचणाऱ्याच्या बाजूने बघते. रोज उठून खोटा भोंगा वाजवणाऱ्या गिरणीकडे चार दिवसांनी कुणी मान वर करून बघत नाही.

आणि हा आवाज सर्वांत जास्त लागतो तो नवख्या माणसाला. ग्वाल्हेरच्या एका मुलीने आमच्याकडे तिची आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली होती, बेसलाइन लावण्याआधीच्या दिवसांत. सहा ओळींचा बदल. बॉटने एकतीस शेरे मारले, त्यातले बहुतेक तिने हातही न लावलेल्या जुन्या ओळींवर. तिने "सॉरी" एवढंच लिहिलं आणि पुल रिक्वेस्ट बंद केली. मी तिला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. तिचा बदल बरोबर होता, आणि ती गेली याची हळहळ मला अजून वाटते. आता नव्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर आधी आमच्यातलं कुणीतरी माणूस बोलतं, नावाने हाक मारून. मांडणीच्या चुका बॉट गुपचूप स्वतःच दुरुस्त करतो. उरलेल्या हरकती एकाच शेऱ्यात, सौम्य शब्दांत येतात.

सुरक्षेबद्दल थोडं, कारण याकडे फार लोक काणाडोळा करतात. कोड तपासणारं टूल म्हणजे घरात घेतलेला परका माणूस. मार्च २०२५ मध्ये गिटहब या प्रकल्प ठेवायच्या साइटवरचं एक लोकप्रिय अ‍ॅक्शन हल्लेखोरांनी ताब्यात घेतलं. अ‍ॅक्शन म्हणजे आपोआप चालणारं तयार टूल. याचं काम साधंच, बदललेल्या फाइल्सची यादी देण्याचं, पण २३,००० हून अधिक रिपॉझिटरीज, म्हणजे प्रकल्पांच्या कोडची कोठारं, ते वापरत होत्या. हल्लेखोरांनी जुन्या आवृत्त्यांची नावं आपल्या कोडकडे वळवली आणि प्रकल्पांच्या गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापून घेतल्या. आवृत्तीचं नाव पाटीसारखं असतं, पाटी बदलता येते. कमिटचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरूनच निघणारा आकडा, अंगठ्याच्या ठशासारखा असतो. म्हणून बाहेरचं काहीही वापरताना हॅश लिहायचा. बॉटला फक्त वाचायची आणि शेरा लिहायची परवानगी द्यायची, मर्ज करायची नाही. आणि अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टमधला कोड जिथे चालतो, तिथे प्रकल्पाच्या किल्ल्या ठेवायच्या नाहीत. गिटहबमधला पुल रिक्वेस्ट टार्गेट हा ट्रिगर, म्हणजे पुल रिक्वेस्ट आली की टूल आपोआप सुरू करणारी सोय, नेमका इथेच घात करतो. तो नीट समजल्याशिवाय वापरू नका.

आता एआय. लिंटरकडे नियमांची वही असते, तोच कोड दहा वेळा दिला तर दहाही वेळा तेच सांगतो. एआय रिव्ह्यूअर अंदाज बांधतो, आज एक शेरा मारेल, उद्या दुसरा. कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाचे मुख्य डेव्हलपर डॅनियल स्टेनबर्ग जानेवारी २०२४ पासून जाहीरपणे सांगत आले, की एआयने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींनी आमचा वेळ खाल्ला. पुढे २०२५ मध्ये त्याच कर्लमध्ये एआयच्या मदतीने शोधलेल्या कितीतरी खऱ्या चुका दुरुस्तही झाल्या. फरक कशाने पडला? दुसऱ्या वेळी पाठवणारा जाणकार होता, टूलने काढलेलं आधी स्वतः पारखून मगच पाठवत होता.

आमचाही अनुभव दोन्ही बाजूंचा. एआयने एकदा असा शेरा मारला, की आडव्या र च्या दोन रीती अकारविल्हे लावताना वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, कारण आपण आधी शब्द लावतो आणि मग दोन्ही रीती एक करतो. क्रम उलटा हवा. हे चार वर्षं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने लायब्ररीत मुळात नसलेलं फंक्शन वापरायचा सल्ला दिला, तोही तितक्याच आत्मविश्वासाने. म्हणून सध्या तो फक्त मेंटेनरने बोलावल्यावर येतो, त्याच्या शेऱ्याने कुठलीही पुल रिक्वेस्ट अडत नाही, आणि नव्या माणसाशी तो थेट बोलत नाही.

दऱ्यांची दुरुस्ती आम्ही कशी केली तेही सांगायचं राहिलं. अदृश्य अक्षरांचा नियम आम्ही काढला नाही, त्याला मराठी शिकवलं. पाय मोडलेल्या र च्या लगेच पुढे झीरो विड्थ जॉइनर आला तर चालेल, इतर कुठेही दिसला तर हटक. नियमाच्या वर मराठीत तीन ओळींचं कारण लिहून ठेवलंय. ज्या मुलाने बटण दाबलं होतं त्यानेच हा नियम लिहिला, आणि सोबत टेस्ट: दऱ्या कुठल्याही रीतीने लिहिलं तरी एकच शब्द धरला जावा, आणि दर्या त्याहून वेगळाच राहावा. काकूंनी त्याला वहीत जोड्या काढून दिल्या, आचाऱ्यास आणि आचार्यास पासून सुरुवात करून. गेल्या रविवारी त्यांनी आणखी एका पानाचा फोटो पाठवला. मुलाने तो टाइप केला, पुल रिक्वेस्ट उघडली, बॉटची एकही हरकत आली नाही. टेस्ट मात्र एका शब्दावर लाल झाली. त्याने बटण शोधलं नाही. काकूंना फोन लावला, आणि दोघं अर्धा तास त्या एका शब्दावर बोलत होते.